उसनी धाप

साडू हे नातं कुठल्याच कागदावर येत नाही. बापाचं नाव लिहावं लागतं, बायकोचं लागतं, उद्या आपलं काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं तेही लिहावं लागतं. पण बायकोच्या बहिणीचा नवरा कोण, हे आजवर कुठल्या कचेरीने कुणाला विचारलेलं नाही. म्हणून तर सुतार आणि गवंडी एकाच सकाळी, एकाच बाकावर बसून, एकाच संशोधनात दाखल झाले आणि हे दोघे सख्ख्या बहिणींचे नवरे आहेत याचा तिथे कुणाला पत्ताच नव्हता.

दोघांची फुफ्फुसं कामाने खाल्ली होती. सुताराची लाकडाच्या भुशाने, गवंड्याची सिमेंटने, आणि जी काही उरली ती दोघांनी मिळून सिगारेटच्या धुरात उडवली. जन्मभर दोघे एकाच ठेकेदाराच्या हाताखाली राबले. "याची भिंत तिरकी, म्हणून माझं दार बसत नाही," असं सुतार म्हणायचा. "याचं दार वाकडं आणि बदनामी माझ्या भिंतीची," असं गवंडी म्हणायचा. त्या भांडणातच सुताराला हा माणूस इतका आवडला की आपल्या मेव्हणीसाठी त्याने स्वतःच त्याचं स्थळ सुचवलं. आता दोघांचंही काम सुटलं होतं. एक वाक्य पुरं करायचं तरी मध्ये थांबावं लागायचं, आणि भांडायला तर चांगलाच दम लागतो.

संशोधन तसं साधं होतं. हा आजार बरा होणारा नव्हता, जन्माला चिकटलेला होता. पण देखरेखीखाली नेमून दिलेला व्यायाम केला तर अशा माणसांचे दिवस जरा बरे जातात का, हे इस्पितळाला तपासायचं होतं. त्यासाठी तळमजल्यावर एक खोली मिळाली होती आणि ती चालवायला फिजिओथेरपी शिकलेल्या एक बाई होत्या. पेशंट त्यांना नुसतंच 'बाई' म्हणत. अर्ध्या लोकांनी खोलीत येऊन व्यायाम करायचा. उरलेल्यांनी सहा महिने नेहमीची औषधं घेत घरी बसायचं, त्यांना पंधरवड्याला एक फोन येणार. सहा महिन्यांनी त्यांचाही नंबर लागणार होता, पण खोली तोवर टिकली तर. कोण कुठल्या गटात, ते संगणक ठरवणार होता आणि निकाल बंद पाकिटात हातात मिळणार होता.

"ज्यांना आत्ता व्यायाम मिळणार नाही, त्यांनी नाराज व्हायचं नाही," बाई बाकांकडे बघत म्हणाल्या. "थोडा दम धरायचा."

"बाई, दम धरता आला असता," गवंडी मध्ये एकदा थांबून म्हणाला, "तर इथे आलो असतो का?"

सगळा बाक हसला, आणि हसण्याची शिक्षा म्हणून सगळा बाक खोकला.

सुताराचं पाकीट उघडलं, त्यात व्यायाम निघाला. गवंड्याच्या पाकिटात वाट बघणं निघालं. "तुझं नशीबच तसं," गवंडी परतताना गाडीत म्हणाला. "आधी थोरली पटकावलीस, आता सायकल." धाकटी शेजारीच बसली होती. तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं, पण तीही हसत होती. त्या दिवशी अजून हसण्यासारखं होतं.

पुढच्याच आठवड्यात सुताराने माती खाल्ली. खोलीतल्या सायकलवर बसून, बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावलेला असताना, तो बाईंना कौतुकाने म्हणाला, "माझ्या साडूचाही नंबर लवकर लावा. त्या दिवशी बाकावर विनोद करत होता ना, तोच."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी सायकल थांबवायला सांगितली आणि स्टूल ओढून समोर बसल्या.

"हे मला आधी माहीत असतं, तर दोघांना एकाच गटात घातलं असतं. आता पाकिटं फुटली. काका, एक सांगते, नीट ऐका. इथे शिकाल ते त्यांना शिकवायचं नाही. एकही व्यायाम नाही. तुमच्यासारखं चार जणांनी घरी जाऊन शिकवलं, तर दोन्ही गट सारखेच होतील आणि फरक दिसणार नाही. फरक दिसला नाही, तर वरचे म्हणतील, या खोलीचा उपयोग काय? आणि कुलूप लागेल. मग त्यांचा नंबर कुठून लावू?"

"आणि तोवर त्याला काही झालं तर?"

"औषधं चालू आहेत ना. फोनवर मी विचारतेच आहे. सहा महिनेच तर आहेत."

सुताराने शब्द दिला. शब्द देण्यात त्याचं गणितही होतं. आपण अर्धवट शिकलेलं अर्धवट शिकवणार, त्यात याचं काही बिनसलं तर? त्यापेक्षा सहा महिने तोंड बंद ठेवू, खोली वाचेल, मग साडूला बाईंच्या हाताखाली नीट सगळं मिळेल. गणित चुकीचं होतं असं कुणी म्हणू शकणार नाही. गणितं बहुतेक वेळा बरोबरच असतात, तिथेच तर गोची होते.

खोली लहानच होती. दोन सायकली, लाकडी पायरी, रबराचे पट्टे, वाळूच्या पिशव्या आणि भिंतीवर शून्यापासून दहापर्यंत आकड्यांचा तक्ता. धाप किती लागली ते बोलायचं नाही, आकड्यावर बोट ठेवायचं. बाईंचं म्हणणं असं की धापेला भिऊन माणूस बसतो, बसून बसून पाय कमजोर होतात, आणि पाय कमजोर झाले की उठताक्षणी आणखी धाप लागते. म्हणून इथे धाप मुद्दाम लागू द्यायची. पण घाबरायचं नाही. नाकाने श्वास घ्यायचा, ओठ मुडपायचे आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा हळूहळू सोडायचा. सुताराला पहिले काही दिवस वाटलं, आज आपण इथेच आडवे होणार. मग पायात जोर आला. मग एके दिवशी तो आंघोळ करून बाहेर आला आणि टॉवेल खुंटीला लावताना त्याच्या लक्षात आलं की आपण पलंगावर टेकलोच नाही. थोरली दारातून बघत होती. ती पदराने नुसता चष्मा पुसत राहिली.

गवंड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. त्या आठवड्यात सुतार जिना चढला तो एकदाच थांबून चढला, आणि दारात पोचला तेव्हा नीट उभा होता. आत गवंडी खिडकीशी खुर्चीत बसलेला. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानांपर्यंत वर. नुसता न्हाणीघरात जाऊन आला होता, तरी ही अवस्था. त्याने मान वर करून साडूकडे बघितलं. त्या बघण्याने सुताराला आपला सरळ चाललेला श्वास चोरीच्या मालासारखा वाटला, आणि काय होतंय ते कळायच्या आत त्याने चौकटीला हात टेकला, मान खाली घातली आणि तो धापा टाकायला लागला.

गवंड्याचा चेहरा एकदम उजळला. "अगं, भावोजींना खुर्ची दे! पाणी दे! बस रे, बस. बोलू नकोस. आधी बस." किती दिवसांनी त्याला दुसऱ्या कुणाची तरी काळजी करायला मिळाली होती. स्वतःची धाप विसरून तो साडूची पाठ चोळायला उठायला निघाला.

लोक उसनं अवसान आणतात. सुताराने उसनी धाप आणली. त्या दिवशी ती आपोआप आली होती, पुढच्या वेळेपासून तो ठरवून आणायला लागला. तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या वळणावर सुरू करायची, म्हणजे आत ऐकू जाते. दारात चौकट धरायची. खुर्चीत बसून शब्द तोडून बोलायचं. अवघड काही नव्हतं, इतकी वर्षं तेच तर केलं होतं. यात दोन फायदे होते. साडूला बरं वाटायचं, आणि 'मलाही शिकव' असं तो कधी म्हणायचा नाही. कारण शिकण्यासारखं याच्यात काही दिसतच नव्हतं.

"अहो, हे काय चालवलंय?" थोरली जिना उतरताना कुजबुजली. ती एकदा सोबत आली होती. "श्वास सुधारला तुमचा, अक्कल आहे तिथेच."

"थोडेच दिवस राहिलेत. त्याचा नंबर लागला की सांगतो सगळं. हसत सुटेल तो."

"हसायला शिल्लक पाहिजे माणूस," थोरली म्हणाली. मग आपणच जीभ चावली आणि उरलेला जिना भराभर उतरली.

थंडी सुरू झाली आणि गवंडी खचत गेला. आधी खिडकीपासून पलंगापर्यंत चालायचा, मग खुर्चीच पलंगाशी आली. जेवताना दम लागतो म्हणून जेवण कमी केलं, कमी जेवतो म्हणून हाडं दिसायला लागली. रात्री झोप नाही. घाबरून उठून बसायचा आणि तोंड उघडं टाकून हवा गिळत राहायचा. हे धाकटीने सांगितलं, स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून, आत आवाज जाऊ नये म्हणून हळू.

"भावोजी, तिथे तुमच्याकडून करून घेतात ते मला दाखवा ना. मी घरी यांच्याकडून करून घेईन. काहीतरी असेल. निदान रात्रीचं काहीतरी."

सुताराच्या ओठांवर फुंकर आलेली होती. नुसते ओठ मुडपून दाखवायचे होते. त्याने मान हलवली. "काही विशेष नाही गं. सायकल मारायची आणि घरी यायचं. मला तरी कुठे फरक पडलाय?"

ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "दिसतंच आहे ते." त्यात टोमणा नव्हता. तिला त्याची खरोखरच दया आली होती, आणि ती दया घेऊन सुतार घरी आला. जेवला नाही.

सहा महिन्यांनी सगळ्यांना पुन्हा मोजायला बोलावलं. इस्पितळाच्या लांब व्हरांड्यात दोन खुणा ठेवल्या होत्या, त्यांच्यामध्ये सहा मिनिटं जमेल तेवढं चालायचं. मोजणारा माणूस वेगळा होता. कोण कुठल्या गटातला हे त्याला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून तो कुणाशी एक अक्षर बोलत नसे. पेशंटांनी त्याचं नाव मुका ठेवलं होतं. नेमके एकाच दिवशी दोघे साडू बाकावर आले. मुक्याने सुताराला खूण केली.

सुतार पेचात पडला. चांगलं चालावं तर बाकावर बसलेल्या गवंड्याला सगळं नाटक कळणार. वाईट चालावं तर खोली बुडणार आणि हाही तिच्यासोबत बुडणार. "आधी याला घ्या," तो म्हणाला. "मी जरा बसतो. धाप लागलीय." गवंड्याने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि भिंत धरून उठला. एक फेरी कशीबशी झाली. दुसरीत तो मधल्या खुर्चीवर बसला तो उठलाच नाही. मुका घड्याळाकडे बघत उभा राहिला, कारण वेळ पुरी होईपर्यंत त्याला थांबणं भागच होतं. धाकटी नवऱ्याला घेऊन वळणापलीकडे गेली, तेव्हा कुठे सुतार उठला. त्या दिवशी तो आयुष्यात चालला नव्हता तसा चालला. मुक्याच्या भुवया वर गेल्या, आणि तोंड बंद ठेवायचा नियम होता म्हणून बरं.

काही आठवड्यांनी बाईंनी व्यायामवाल्यांना खोलीत बोलावलं. चहा होता. बाई आज दहा वर्षांनी लहान दिसत होत्या.

"फरक पडला!" त्या म्हणाल्या. "चांगला मोठा फरक पडला. वरून लेखी आलंय, खोली चालू राहणार." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी भिंतीवर एक चित्र लावलं. दोन रेघा एकाच जागेहून निघाल्या होत्या. एक थोडी वर गेली होती, दुसरी खाली.

"खालची कुणाची?" सुताराने विचारलं.

"घरी वाट बघणाऱ्यांची."

"ती खाली का गेली?"

"त्यांना काही मिळालं नाही ना, काका. आजार आपल्या गतीने चालत राहिला."

"आणि फरक म्हणता तो कुठला?"

बाईंनी दोन रेघांमधल्या मोकळ्या जागेवर बोट फिरवलं. "हा. या दोघींमधलं अंतर."

सुतार चहाचा कप घेऊन त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला. जन्मभर तो समजत आला होता की फरक पडला म्हणजे माणसाला बरं वाटलं. औषधाने फरक पडतो, विश्रांतीने पडतो. इथे फरक दोन्ही बाजूंनी पडत होता. फळ्यांमधली जागा वाढवायची तर वरची फळी वर घेता येते, नाही तर खालची खाली ठोकता येते. खालची फळी त्याच्या चांगली ओळखीची होती. चहा त्याच्याच्याने संपेना. तरीही तो स्वतःला म्हणाला, झालं ते झालं, आता खोली आहे, आता साडूचा नंबर.

फोन बाईंनीच केला. गवंड्याने येत नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा केला तेव्हा फोन धाकटीनेच घेतला आणि ती म्हणाली, "ते ऐकतच नाहीत, आणि मलाही वाटतं, कशाला छळायचं." मग बाईंनी सुताराला गाठलं. "तुमचे साडू आहेत, तुम्ही समजवा. अजून उशीर झालेला नाही, पण होईल."

सुतार तडक गेला. शेवटच्या वळणावर त्याचा पाय सवयीने अडखळला, पण तो थांबला नाही. तो आत शिरला. गवंडी उशांना टेकून बसला होता. धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"येत नाही म्हणालास?"

"काय उपयोग?" गवंडी एकेक शब्द सुटा करून बोलत होता. "तू सहा महिने... गेलास. तुला काय... फरक पडला? माझ्यापेक्षा जास्त... धापतोस. बरं झालं, मला... नाही मिळालं. ज्यात राम नाही, त्यात... कशाला जीव टाकू?"

"मी धापत नाही," सुतार म्हणाला.

"हो, आम्हाला... दिसत नाही जसं."

"ते खोटं होतं. तुला वाईट वाटू नये म्हणून करायचो. आता मी खालून इथपर्यंत कुठेही न थांबता आलोय, बघ, आणि हे सगळं एका श्वासात बोलतोय, आणि उद्या सकाळी गाडी घेऊन येतो, तुला कडेवर घेऊन जिना उतरावा लागला तरी उतरेन, पण तू खोलीत यायचं."

तो बोलायचा थांबला. एका दमात इतकं बोलणं त्या घरात कित्येक महिन्यांत कुणी ऐकलं नव्हतं. धाकटीच्या हातातली घडी तशीच राहिली.

"म्हणजे तुम्हाला येत होतं?" ती म्हणाली. "मी दाराशी उभी राहून विचारलं तेव्हा, रात्री काय करायचं ते तुम्हाला येत होतं?"

"खोली बंद पडली असती गं. शब्द दिला होता. याचा नंबर लागावा म्हणूनच..."

"हे रात्री माझा हात धरून, आता सुटलो तर बरं, असं म्हणायचे. आणि तुम्हाला येत होतं." तिचा आवाज चढलाच नाही. चढला असता तर सुताराला सोसला असता. "भावोजी, मला तुमची दया यायची हो."

"गप गं," गवंडी म्हणाला. तो साडूकडे बघत होता. रागाने बघतो आहे की नवलाने, ते सुताराला कळेना.

"नाटक चांगलं... करतोस," गवंडी शेवटी म्हणाला. "दारं कधी अशी... बसवली नाहीस." हसायचा प्रयत्न केला, त्यातून खोकला निघाला. खोकला शमायला बराच वेळ गेला. त्या वेळात तिघांपैकी कुणीच कुणाकडे बघितलं नाही.

"तू जिन्यात... धापायला लागलास ना, की मला बरं... वाटायचं. मेलो-बिलो तर... दोघं आहोत म्हणायचो. आता कळलं. मी एकटाच... होतो."

"अरे, मी होतो ना इथे. दर आठवड्याला येत होतो."

"येत होतास," गवंडी म्हणाला. "उद्या गाडी आणू नको. माझ्यात आता... ते नाही राहिलं. आणि तुझ्या शेजारी बसून... सायकल मारायची, म्हणजे..." पुढचं तो बोलला नाही. दम संपला होता की बोलायचं नव्हतं, कोण जाणे. त्याने डोळे मिटले.

सुताराने तरी हट्ट सोडला नाही. पलंगावर बसून त्याने ओठ मुडपून दाखवले, फुंकर घालून दाखवली, "असं कर, नुसतं एवढं कर," म्हणून विनवलं. गवंड्याने दोनदा करून बघितलं. आत घ्यायलाच हवा पुरत नव्हती, मग हळूहळू सोडणार काय? तिसऱ्या वेळी त्याने हात हलवून राहू दे म्हणून सांगितलं.

बाईंनी जागा महिनाभर राखून ठेवली, मग दुसऱ्या कुणाला तरी दिली. लोक वाट बघत होते, त्यांचाही इलाज नव्हता. सुतार खोलीत जात राहिला. आता पेशंटांनी स्वतःचं चालू ठेवायचं होतं, आणि त्याने चालू ठेवलं. साडूकडेही जात राहिला. धाकटी दार उघडायची, खुर्ची पुढे करायची, जेवढ्यास तेवढं बोलायची. पाणी न मागता आणून द्यायची नाही. तो वर पोचायचा तेव्हा त्याचा श्वास अगदी सरळ असायचा, आणि त्या श्वासाचं काय करायचं ते न कळून तो दाराबाहेर थोडा वेळ उभा राहायचा.

एकदा तो असाच उभा राहून मग आत गेला. गवंडी जागाच होता, तोंड दाराकडे करून.

"कधी आलास?" त्याने विचारलं. "हल्ली तू जिना... चढतोस ते... ऐकूच येत नाही."